सुरुवात सातव्यापासून

४ जून २००६, रविवार

बाबा लग्न करणार आहेत!

दोरीवरचे कपडे काढता काढता सांगितलं. तोंडात चिमटा, खांद्यावर माझाच जुना टॉवेल. "विजयलक्ष्मी म्हणून आहेत. हिंदी शिकवतात. तंजावरकडच्या मराठी. तुला भेटवायचंय एकदा." जणू घरी नवा गॅस सिलिंडर यायचाय.

आईला जाऊन सव्वा वर्ष झालं. सव्वा वर्ष!

मी म्हटलं, "एवढी घाई कसली?" तर म्हणे, "घाई नाही गं. सप्टेंबरात रिटायर होतोय, कारखान्याची क्वार्टर सोडावी लागेल, तेव्हा म्हटलं त्याच सुमारास—" पुढचं ऐकलंच नाही. तशीच निघाले. आवडी स्टेशनवर उन्हात बसून राहिले. मागे कुणी आलं नाही.

चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत डोकं ठणकत होतं. रस्ता सगळा खणून ठेवलाय, बस कासवासारखी. खणा! सगळंच खणून टाका!


५ जून

दिवसभरात एक ओळ कोड लिहिला. तोही चुकीचा.


११ जून, रविवार

गेले नाही. फोनही उचलला नाही.


१८ जून, रविवार

गेले. बघायलाच गेले होते. बघितलं.

उंच, किरकोळ. वेणीत मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा. एक्कावन्न वर्षांच्या. लग्न केलंच नव्हतं. आधी आईवडील सांभाळले, मग भावाची मुलं. अंबत्तूरला घरीच हिंदीच्या परीक्षांचे क्लास घेतात. बाबांचे सहकारी गुरुमूर्ती, त्यांच्याकडच्या बारशाला भेट झाली म्हणे. बाबा फोनवर मराठीत बोलत होते, ते ऐकून या बाई जवळ आल्या.

आणि मराठी काय! एखाद्या जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी, वर तमिळचा हेल. "ये कण्णा, बैस. तुजीच वाट पाहतें." माझ्याच घरात मला 'बैस'! आणि कण्णा म्हणजे तमिळमध्ये बाळा. बाळा!

मला वाटलं होतं, नोकरीचं विचारतील, पगाराचं, माझ्या लग्नाचं. उत्तरं तयार ठेवली होती, एकेक धारदार. तर विचारलं काय, "तुजी आई रिकाम्या वेळांत काय करीत होती?"

"वाचायची," मी म्हटलं.

"काय?"

मी शेल्फ दाखवलं. कॅल्डमूर. ड्रॅगनांची इंग्रजी कादंबरीमालिका, पहिल्या खंडापासून नवव्यापर्यंत, सगळे जाडजूड. त्यांनी मान तिरकी करून ड्रॅगनांची चित्रं पाहिली. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हसल्या नाहीत.

त्यांना काय सांगणार? नववीत असताना पहिला खंड मी घरी आणला. महिन्याभरानं आईच विचारते, "त्या हेस्काबाईचा पंख बरा झाला का गं?" म्हणजे माझ्यामागे तिनंही वाचला होता! मग मी त्रिचीला इंजिनिअरिंगला गेले, पुस्तकं आवडीला राहिली. दर रविवारी होस्टेलच्या बूथवर रांग लावून फोन. मागच्या मुली ओरडायच्या, आणि आम्ही मायलेकी ड्रॅगनांवर भांडत असायचो. आम्हां दोघींची अशी ती एकच गोष्ट होती. बाबा पलीकडे पेपरमागे. त्यांना हेस्का म्हणजे सर्दीचं औषध वाटलं असेल.

आणि आता या बाई विचारतात, "मी कुठून आरंभ करूं?"

मी सातवा काढून दिला.

सातवा! पहिल्याच पानावर हेस्का मेलेली. पुढं निम्मं पुस्तक खोऱ्याचा वारस कोण यावर सभा. आधीचे सहा न वाचलेल्या माणसाला त्यातलं एक नाव कळायचं नाही. वर आधीच्या सगळ्या खंडांची मजा जाणार ती वेगळीच.

"इथून सुरू करा. सगळे इथूनच करतात."

"देविका—" बाबा म्हणाले. मग पाणी आणायला गेले.

बाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. "सरि, बरें. वाचीन."


१९ जून

छान वाटतंय. दुष्ट वाटत नाहीये. अजिबात नाही.


२ जुलै, रविवार

सोडलं असेल असं वाटलं होतं. नाही! वाचतायत! क्लासची मुलं शुद्धलेखन लिहीत असताना वाचतात म्हणे. मला बघताच प्रश्न सुरू. हा कोण, तो कुणाचा, याची आई कधी मेली. मी वाकडीतिकडी उत्तरं दिली. एका सेनापतीला त्याच्याच सुनेचा भाऊ करून टाकलं. त्यांनी मान डोलावली.

आणि मग भाजी निवडता निवडता म्हणतात, "ती टॅम्बरी. तिची हेस्का मेली. मग ती दुसऱ्या ड्रॅगनावर बसत नाहीं, पायींच चालते. तें दुःखानें कीं रागानें?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

याच प्रश्नावर आई आणि मी महिनाभर भांडलो होतो. शेवटी टॅम्बरी बसते दुसऱ्यावर. माझ्या मते ती गद्दारी. पानं फाडावीशी वाटली होती मला. आणि आई बूथच्या त्या खरखरीतून ओरडत होती, "मग काय जन्मभर पायी फिरायचं का तिनं? किती निर्दय गं तू!"

आज आठवलं आणि सगळा राग आईवरच आला. कशाला म्हणालीस असं?

बाईंना म्हटलं, "पुढे वाचा, कळेल." आणि उठले.

बाबा आता हसतात. ती बाई 'अय्यो' म्हणाली की हसतात. आई असताना इतके कधी हसले होते? हे असं लिहिणंही घाण आहे. लिहिलं.


१६ जुलै, रविवार

आवडीला गेले नाही. इथेच फ्लॅटमध्ये चित्राशी भांडले. चित्रा माझी रूममेट, आमच्याच ऑफिसातली. कॅल्डमूर तिला मीच लावलं. नीट लावलं! पहिली साठ पानं रेटून वाच, अंड्याला तडा गेला की मग तुला कुणी थांबवू शकणार नाही. नकाशा आधी बघू नकोस, त्यात कोण कुठं पोचणार ते कळतं. चौथा कंटाळवाणा आहे, पण गाळायचा नाही. त्यातल्या म्हाताऱ्या लोहाराशिवाय सहाव्यात रडू येत नाही. पाचव्याला सुट्टी काढ. तिनं खरंच सुट्टी काढली होती, ताप आलाय असं टीम लीडला सांगून!

आज तिला सांगून टाकलं. हसेल, टाळी देईल असं वाटलं होतं. सुरुवातीला हसलीच. मग थांबली.

"सातवा? देविका, त्यांना आवडूच नये म्हणून दिलास?"

"हो."

"आणि त्या वाचतायत?"

"हो!"

"मग तू काय मिळवलंस?"

तिला काय होतंय बोलायला! तिचे आईवडील दोघं सेलमला मजेत आहेत. रोज सकाळी सांबाराच्या रेसिपीवरून फोन. तसं म्हणाले तिला. नको होतं म्हणायला. ती इस्त्री करत होती, प्लग काढून बाहेर निघून गेली.

शर्ट अजून टेबलावर अर्धा पडलाय.


१७ जुलै

इस्त्री मी केली. तिनं थँक्यू म्हटलं. तेवढंच.


३० जुलै, रविवार

आज खऱ्या अर्थानं फुटले.

क्वार्टर रिकामी करायची म्हणून बाबांनी खोकी आणून ठेवलीत. लग्न नोंदणी करून, ऑक्टोबरात, मग अंबत्तूरला राहणार. बाईंच्या घरात! आईची लोखंडी कढई एका खोक्यात, त्यावर पेपर, त्यावर बाबांच्या इस्त्रीच्या पँटी. कढईवर पँटी!

"कॅल्डमूर मी नेणार," मी म्हटलं. "सगळे."

"ने."

"आत्ता नेणार."

"ने की. सातवा तेवढा त्यांच्याकडे आहे."

मला भांडण हवं होतं. या माणसाशी भांडताच येत नाही! "तुम्हाला कधी काय कळलं आमच्यातलं?" मी ओरडलेच. "आई आणि मी काय बोलायचो, कशाबद्दल बोलायचो, एकदा तरी विचारलंत? पेपर खाली केलात कधी? ती गेली तर तुमचं काय गेलं? पोळ्या करणारी गेली, आता दुसरी आणताय!"

शेजारच्या क्वार्टरमधला मिक्सर बंद झाला. म्हणजे ऐकत होते सगळे. ऐकू देत.

बाबांचं तोंड कसंतरी झालं. काहीतरी म्हणणार होते. ओठ हललेसुद्धा. मग स्वयंपाकघरात जाऊन टपकणारा नळ बंद करायला लागले. तो नळ बंद होत नाही, माझ्या लहानपणापासून होत नाही! तरी पिळत उभे राहिले.

सॅक आणि दोन पिशव्यांत आठ खंड भरले. गाडीत एका माणसाच्या पायावर पिशवी पडली. तो तमिळमध्ये काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मीही सोडलं नाही त्याला.


१३ ऑगस्ट, रविवार

पुस्तकं पलंगाखाली आहेत. एकही उघडलं नाही. नववा तर आई गेल्यावर आला. दुकानातून घेतला, दोन दिवसांत वाचला, आणि नेहमीसारखा आवडीच्या शेल्फवर नेऊन ठेवला. तिथं त्यावर भांडणारं कुणी नव्हतं. तरीही ठेवला. आता इथं धूळ खातोय.

बाबांचा फोन. गणपतीला ये म्हणाले. "यंदा बसवतोय. आईनं बसवलाच असता."

आईचं नाव घेऊन बोलावलं की मी जाणार, हे बरोबर माहीत आहे त्यांना.


२७ ऑगस्ट, रविवार, गणेश चतुर्थी

 नीट सगळं लिहून काढते.

दहा वाजता पोचले. गुरुमूर्ती आणि त्यांची बायको आली होती, शेजारचेही दोघंतिघं. बाईंनी कोळकट्टै, म्हणजे इकडचे मोदक केले होते, आणि आपले मोदकही. मोदकांच्या कळ्या आईसारख्या नव्हत्या. चांगल्या होत्या. आईपेक्षा चांगल्या होत्या, आणि तोच राग!

आरतीनंतर सगळे पानावर बसले. बाईंनी पिशवीतून सातवा काढला, माझ्यापुढं ठेवला. नीट कव्हर घातलेलं.

"संपला," म्हणाल्या. "मी रडलें, कण्णा. हेस्कासाठीं."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत हेस्का? ती तर सुरुवातीलाच मेलेली असते."

"तेंच तर." सगळ्यांसमोर, वाढता वाढता, हातात वरणाची पळी. "माजी तिची ओळखच मेल्यानंतर झाली. पण सगळें पुस्तकभर जो तो तिचेंच बोलतो. ती अशी उडत होती, ती असें रागवत होती. मज वाटलें, जिवंतपणीं भेटली असती तर किती बरें होतें. कोणाला विचारूं, कोणी धड सांगत नाहीं." पळी पातेल्यात ठेवली. "या घरांतही मी तशीच आल्यें. सातव्यांत."

 गुरुमूर्तींना मराठी कळत नाही, तेसुद्धा जेवायचे थांबले.

मला आत काहीतरी तुटल्यासारखं झालं, आणि ते तुटू नये म्हणून मी सगळ्यात वाईट तेच बोलले.

"ते पुस्तक सातवं आहे. पहिलं नाही. मी मुद्दाम दिलं. तुम्ही सोडून द्यावं म्हणून."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"पाठीवर केवढा सात लिहिलाय, कण्णा! हिंदी शिकवतें मी. पण आकडे येतात मज." शेजारच्या काकू फिस्सकन हसल्या.

"मग वाचलंत कशाला?"

"तूं दिलेंस म्हणून." आणि मला वरण वाढलं. वर तूप.

असं वागायचं नसतं माणसानं! भांडा ना माझ्याशी! मी एवढं वाईट वागले, थोडं तुम्हीही वागा! हे असं चांगलं वागून माझी पूर्ण बाजूच काढून घेतली. मी जेवले. सगळं जेवले. बाबांकडे एकदाही बघितलं नाही.


२९ ऑगस्ट

चित्राला सगळं सांगितलं.  ती पलंगाखाली वाकली, पहिला खंड काढला, ओढणीनं पुसून माझ्या उशीवर ठेवला.

आगाऊ कुठली.


३ सप्टेंबर, रविवार

पहिला खंड घेऊन आवडीला गेले. माफीबिफी मागायला नाही! सातव्यापासून वाचलेलं माणूस मला सहन होत नाही, म्हणून.

दार उघडंच होतं. चपला काढत होते, तर स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज. बोलत होते, सलग! आमच्या बाबांना सलग चार वाक्यं बोलताना मी ऐकलेलं नाही.

"—तर अंडं बर्फाखाली. वर सगळं गाव नाचतंय, कुणाला पत्ता नाही. आणि ही पोर, टॅम्बरी, कान लावून पडलीय बर्फावर. तिला ऐकू येतं. टक. मग काही नाही. मग परत, टक."

त्यांनी ओट्यावर बोटानं वाजवलं. टक.

"अय्यो. मग?" बाई म्हणाल्या.

"मग काय, हातांनी उकरायला लागली. नखं तुटली. अंडं निघालं, पण हेस्काचा पंख आतच मोडलेला. तो पुढं बरा झाला नाही बरं का. लोकांना वाटतं झाला. तो चुकीचा जुळला."

चुकीचा जुळला. हे आईचं वाक्य आहे! बूथवर, मी पहिल्या वर्षाला असताना, अगदी याच शब्दांत. पुस्तकात कुठंही असं लिहिलेलं नाही. आम्ही दोघींनी तसं ठरवलं होतं.

मी आत गेले. दोघं दचकले. बाबांच्या हाताला कणीक.

"तुम्हाला हे कसं माहीत?"

बाबा बाईंकडे बघायला लागले, मग कणकेकडे.

"बाबा! पंखाचं कसं माहीत?"

"आईनं..." म्हणाले. "आईनंच सांगितलं असेल कधीतरी."

"असेल?"

"सांगायची. फोन झाला की सांगायची मला. सगळं."

सगळं! माझं आणि तिचं म्हणून जगात जे एक होतं, ते ती फोन ठेवला की लगेच यांना सांगून टाकत होती! मी तिथं रांगेत पाय मोडेपर्यंत उभी राहायचे, ते इथं भाजीला फोडणी देता देता वाटून टाकायला?

"मग ती माझ्याशी कशाला बोलायची?" मी म्हटलं. "तुम्हालाच सांगायचं होतं तर तुमच्याशीच बोलायचं! मला वाटायचं ती माझी आहे. काही माझं नव्हतं. खोटारडी होती ती!"

"देविका, तसं नको बोलूस." बाबा पुढे आले. "तिला तसं नको म्हणूस."

"म्हणणार!"

पहिला खंड पिशवीतच राहिला. परत आणला. गाडीभर रडले, आवाज न करता, आणि आई समोर असती तर तिच्याशी कडाकडा भांडले असते.


४ सप्टेंबर

ऑफिसात बाबांचा फोन. ते ऑफिसात कधी फोन करत नाहीत.

"आईवर राग धरू नकोस. काल मी खोटं बोललो. तिनं मला काही सांगितलं नाही. मीच तिला सांगायचो. आधी तीच बसली होती डिक्शनरी घेऊन. थोडी पानं झाली आणि रडायला लागली. पोरगी इंग्रजीत लांब जाईल म्हणाली. मग मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, संध्याकाळी ती पोळ्या लाटताना सांगायचो. शनिवारी उजळणी, रविवारच्या तुझ्या फोनसाठी. मतं सगळी तिची हं, भांडायची ती तिचं तीच. गोष्ट तेवढी माझ्याकडून. तुला कळू द्यायचं नाही, अशी तिनं शपथ घातली होती."

 मी विचारलं, "नववा? नववा वाचलात?"

"वाचला."

मग म्हणाले,

"सांगायला कुणी नव्हतं."